गिटार, कॉम्प्युटर आणि मधला डबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर कुणी ना कुणी गिटार खांद्याला अडकवून येतंच. चहा व्हायच्या आत तक्रार सुरू होते: "दादा, सगळं जोडलंय, पण आवाजच येईना." नाहीतर, "आवाज येतोय, पण पार बाद येतोय." मी काही स्टुडिओवाला नाही. घरी बसून स्वतःचं रेकॉर्डिंग करतो आणि त्यात करता येतील तेवढ्या चुका करून झाल्यात, म्हणून लोक येतात. तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून हे लिहून काढलं. सगळं वाचायची गरज नाही, ज्याचं जे अडलंय त्यानं ते बघावं. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचा, कारण निम्मी दुखणी तिथली आहेत.

गिटारची वायर सरळ कॉम्प्युटरच्या माइकच्या सॉकेटमध्ये घातली तर चालत नाही का?

आवाज येतो, आणि तिथंच माणूस फसतो. काहीच आलं नसतं तर बरं झालं असतं.

मागच्या पावसाळ्यात शिवाजी पेठेतला अकरावीचा एक पोरगा आला. मोबाइलच्या दुकानातून त्यानं जाड पिनेची बारीक पिन करणारा कन्व्हर्टर आणला होता. जुन्या डेस्कटॉपच्या मागच्या गुलाबी सॉकेटमध्ये तो खुपसून त्यानं ई कॉर्ड मारला आणि माझ्याकडं बघितलं. स्पीकरवर कुणी वाकळ टाकावी तसा आवाज. पातळ तारांची चमक गायब, खाली सतत सळसळ, आणि जोरात मारलं की फाटतंय. त्याचं निदान ठरलेलं होतं: पिकअप गेलेत, बदलायचे. त्यासाठी पैसेही साठवत होता. मी तीच गिटार, तीच वायर इंटरफेसला, म्हणजे गिटार आणि कॉम्प्युटरच्या मधल्या डब्याला लावली. पुढची दहा मिनिटं पोरगं बोललंच नाही, नुसतं वाजवत बसलं.

झालं होतं असं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्टीलची तार वर हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये थोडासा व्होल्टेज तयार होतो. पण त्याच्यामागं जोर काहीच नसतो. पेठेत सकाळी पाणी येतं तेव्हा माडीवरच्या नळाला चांगलं प्रेशर असतं, पण खालच्यानं मोटर लावली की वरची धार करंगळीएवढी होते. कॉम्प्युटरचं माइक सॉकेट म्हणजे ती मोटर. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे येणाऱ्या विजेला होणारा अडथळा, काही हजार ओहमचाच असतो, म्हणजे ते गिटारकडून भसाभस ओढतं. त्यात पिकअपच्या वेढ्यांचा अडथळा उंच स्वरांना जास्त असतो, त्यामुळं आधी ट्रेबल, म्हणजे उंच स्वरांची चमक, मरतो आणि आवाजावर वाकळ पडते. गिटार अँपच्या इनपुटचा इम्पीडन्स साधारण १० लाख ओहम, म्हणजे १ मेगाओम असतो. तो थेंबभर पाणी घेऊन प्रेशर मोजतो, धार तशीच राहते.

शिवाय ते सॉकेट छोट्या माइकसाठी बनवलेलं. माइकला लागणारे दोन-तीन व्होल्ट ते स्वतःच बाहेर सोडतं आणि आत आवाज खूप मोठा करतं, म्हणून सळसळ आणि फाटणं. नव्या लॅपटॉपवर तर हेडफोन आणि माइकचं मिळून एकच सॉकेट असतं, चार पट्ट्यांच्या पिनेसाठी. गिटारच्या वायरची पिन दोन पट्ट्यांची. कन्व्हर्टर लावला तरी बऱ्याचदा लॅपटॉपला काही जोडलंय हेच कळत नाही.

मग मध्ये काय लावायचं?

ऑडिओ इंटरफेस. पुस्तकाएवढा डबा, एका बाजूला गिटारची जाड पिन, दुसऱ्या बाजूला यूएसबी. गिटारला हवं तसं १ मेगाओमच्या आसपासचं इनपुट, आवाज मोठा करणारा प्रीअँप, त्याचे आकडे करणारा कन्व्हर्टर आणि ऐकायला हेडफोनचं सॉकेट, एवढं सगळं त्यात असतं. फोकसराइट स्कार्लेट, बेहरिंगर, ऑडिएंट, मोटू, स्टाइनबर्ग ही नावं दुकानात ऐकायला मिळतील.

घेताना तीन गोष्टी बघा. एक, इनपुटवर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' लिहिलेलं बटण हवं. ते नसेल तर तो डबा गाणाऱ्यांसाठी आहे, गिटारवाल्यांसाठी नाही. दोन, विंडोजवर वापरणार असाल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (कॉम्प्युटरला डब्याशी बोलायला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम) हवा. ते काय प्रकरण आहे ते खाली उशिराच्या प्रश्नात आहे. तीन, हेडफोनच्या आवाजाला वेगळा नॉब हवा. एवढं असलं की बास. दोनच्या वर इनपुट घेऊ नका, घरात ड्रमसेट नाही तुमच्या. आणि १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाची सेकंदाला १ लाख ९२ हजार मोजमापं, असं खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, त्यासाठी एक रुपया जास्त मोजू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट (प्रत्येक मोजमाप किती बारीक, त्याचा आकडा) भरपूर झालं.

आणि सेकंडहँड खुशाल घ्या. फक्त घेताना आपली गिटार घेऊन जा, सगळे नॉब हळूहळू फिरवून खरखर ऐका आणि यूएसबीची वायर सॉकेटमध्ये जरा हलवून बघा. तिथं ढिलं असेल तर सोडून द्या.

एका टोकाला गिटारची पिन आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी तयार वायर मिळते, ती?

सरावाला ठीक. त्या पिनेच्या आतच छोटा कन्व्हर्टर बसवलेला असतो. पण बहुतेकांत गेनचा, म्हणजे आत येणारा आवाज कमी-जास्त करायचा, नॉब नसतो, हेडफोनचं सॉकेट नसतं आणि स्वस्तातल्यांना स्वतःचा ड्रायव्हर नसतो. माझ्याकडं एक आहे, ड्रॉवरमध्ये.

माझ्या अँपलाच यूएसबी आहे. मग इंटरफेस कशाला?

नकोच. बॉस कटाना, यामाहा टीएचआर यांसारखे अँप यूएसबीनं जोडले की कॉम्प्युटरला ते इंटरफेसच दिसतात, आणि अँपचा टोन तसाच्या तसा आत जातो. काही मल्टि-इफेक्ट पेडलही हे काम करतात. पण फसू नका: काही पेडलचं यूएसबी फक्त सेटिंग चढवायला असतं, आवाज त्यातून जातच नाही. मॅन्युअलमध्ये 'ऑडिओ इंटरफेस' हे शब्द शोधा. दुकानदाराच्या "होय की, सगळं चालतंय" वर जाऊ नका.

अँपच्या मागच्या स्पीकर-आउटमधून इंटरफेसला वायर टाकली तर?

टाकू नका. ५० वॅटचा अँप ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण जोरात २० व्होल्ट देतो. इंटरफेसचं इनपुट एखाद-दोन व्होल्टची अपेक्षा ठेवून बसलेलं असतं. आणि व्हॉल्व्हचा अँप असेल तर स्पीकर काढून तो वाजवला की त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, म्हणजे एका वायरीत दोन वस्तू गेल्या. 'लाइन आउट' किंवा हेडफोनचं सॉकेट चालेल. तिथून घेताना मात्र इंटरफेसवर 'इन्स्ट' बंद करून 'लाइन' ठेवा.

जोडायचं कसं, क्रम काय?

आधी कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून बसवा, मग डबा जोडा. यूएसबीची वायर कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पोर्टला लावा, दहा रुपयांच्या हबला नको. यूएसबी २.० पुरेसं आहे. दोन चॅनलचा आवाज सेकंदाला सव्वादोन मेगाबिटच्या आसपास लागतो आणि ते पोर्ट ४८० पर्यंतचं असतं. हेडफोनचा नॉब शून्यावर आणा. गिटार लावा, 'इन्स्ट' दाबा, ४८ व्होल्टचं बटण बंद ठेवा, ते कंडेन्सर माइकसाठी आहे. मग सॉफ्टवेअर उघडून सेटिंगमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्हीला हाच डबा निवडा.

तरी शांतता असेल तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन मायक्रोफोनची परवानगी बघा. गिटार असली तरी कॉम्प्युटरच्या लेखी तो माइकच. मॅकवरही पहिल्यांदा सॉफ्टवेअर परवानगी मागतं, आणि आपण सवयीनं 'नको' दाबतो. राजारामपुरीतल्या एका मित्राकडं ह्या एका टिचकीसाठी मी भर उन्हात स्कूटरवरून गेलोय.

गेन किती ठेवायचा?

गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. मग गाण्यात सगळ्यात जोरात जे वाजवणार आहात ते वाजवा, खरंच जोरात, लाजत नको. मीटरचा सगळ्यात उंच ठोका वजा १२ डेसिबलच्या आसपास राहील असा नॉब लावा. शून्याला टेकलं की आवाज कापला जातो आणि तो नंतर कशानंही जुळत नाही. "हळू आवाज येतोय" म्हणून गेन वाढवणारे फार. आवाज हळू वाटतोय तर हेडफोनचा नॉब वाढवा. २४ बिटमध्ये एवढी जागा असते की कमी रेकॉर्ड झालेलं नंतर सुखानं वाढवता येतं.

तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो. लॅपटॉप जुना आहे म्हणून का?

बहुतेक वेळा नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि ह्या एका कारणानं लोकांनी विनाकारण नवे लॅपटॉप घेतलेत.

कॉम्प्युटर आवाज थेंब थेंब घेत नाही. तो बादली भरू देतो, भरली की उचलून नेतो, काम करतो आणि दुसऱ्या बादलीतून बाहेर ओततो. त्या बादलीला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलची, म्हणजे १२८ मोजमापांची, बादली भरायला २.७ मिलिसेकंद लागतात, २५६ ची भरायला ५.३ आणि १०२४ ची भरायला २१.३. जायची एक आणि यायची एक, म्हणजे दुप्पट, वर कन्व्हर्टर आणि यूएसबीचे थोडे. १०२४ वर ठेवलंत तर छेडल्यापासून ऐकू येईपर्यंत ४० मिलिसेकंदांच्या वर गेले.

हे किती? आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत ३.४ मीटर. स्टेजवर अँपपासून तीन-चार पावलं लांब उभं राहिलात तर एवढा उशीर असतोच, आणि कुणाला जाणवत नाही. ४० मिलिसेकंद म्हणजे अँप १४ मीटर लांब. महाद्वार रोडवरच्या मिरवणुकीत लांबच्या ढोलाकडं बघा, टिपरू पडलेलं दिसतं आणि ठोका मागून येतो. तसं हातात गिटार घेऊन वाजवायचं म्हणजे बोटं अडखळणारच.

आता विंडोजचा नेहमीचा रस्ता ह्याहूनही लांबचा आहे. गाणी ऐकायला, व्हिडिओ बघायला तो चांगला, पण त्यात बादल्यांवर बादल्या असतात. म्हणून स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ च्या सुमारास एएसआयओ नावाची पद्धत काढली, मधली वर्दळ टाळून सॉफ्टवेअर थेट डब्याशी बोलतं. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तुमच्या डब्याच्या नावाचा एएसआयओ ड्रायव्हर निवडा आणि बफर १२८ करून बघा. डब्याला स्वतःचा ड्रायव्हर नसेल तर एएसआयओ-फॉर-ऑल नावाचा फुकटचा आहे, तो काम भागवतो. मॅकवर अशा कामाची सोय, कोअर ऑडिओ, आधीपासून असते, तिथं फक्त बफर कमी करायचा.

बफर कमी केल्यावर कटकट, फटफट असे आवाज आले तर कॉम्प्युटरला बादल्या उचलायला वेळ पुरत नाहीये. एक पायरी वर या, ब्राउझर बंद करा, वायफाय बंद करा, लॅपटॉप बॅटरी वाचवायच्या मोडवर असेल तर तो काढा. वाजवताना १२८, मिक्स करताना १०२४, असं मी अदलाबदल करतो. आणि ब्लूटूथ हेडफोन नकोच, त्याचा स्वतःचा उशीरच शंभर-दोनशे मिलिसेकंदांत जातो. ते लावून "ड्रायव्हर खराब आहे" म्हणणारेही भेटलेत.

सॉफ्टवेअर कुठलं?

मॅक असेल तर गॅरेजबँड, फुकट आहे आणि आत अँपही आहेत. विंडोजवर मी रीपर सांगतो. ६० दिवस पूर्ण चालतं, मग वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरचं. हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. दिसायला जरा सरकारी फॉर्मसारखं आहे, पण आठवड्यात सवय होते. लिनक्सवाल्यांना आर्डर. ऑडॅसिटी चांगलंच आहे, कापाकापीला मीही वापरतो. पण वाजवता वाजवता अँपचा इफेक्ट लावून ऐकायचं असेल तर ते त्या कामाचं नाही.

चोरलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर फिरत असतं. त्यातलं एक मीही एकदा घेतलं होतं, त्यानंतर विंडोज दोनदा टाकायला लागलं.

सगळं नीट जोडलं, पण गिटार डासासारखी वाजते. रॉक गाण्यात वाजते तशी का नाही?

अभिनंदन, तुमची जोडणी बरोबर आहे. इलेक्ट्रिक गिटार मुळात अशीच वाजते. आपण जिला गिटारचा आवाज म्हणतो त्यात अर्धं काम अँपचं आणि स्पीकरचं असतं. अँप आवाजाला पीळ घालतो, आणि बारा इंची स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं सगळं टोचरं गाळून टाकतो. ते दोघे नाहीत, म्हणून डास.

ते दोघे आता सॉफ्टवेअरमध्ये मिळतात, अँप सिम्युलेटर म्हणतात. न्यूरल अँप मॉडेलर फुकट आहे आणि त्याला खऱ्या अँपवरून काढलेले हजारो नमुने लोकांनी बनवून ठेवलेत. गिटार रिगचीही फुकट आवृत्ती आहे. एकच चूक सगळे करतात: अँप लावतात, स्पीकर कॅबिनेट लावत नाहीत. मग डासाच्या जागी गांधीलमाशी येते. अँपच्या नमुन्यात कॅबिनेट नसेल तर पुढं कॅबिनेटची आयआर फाइल लावायची. खऱ्या स्पीकरसमोर माइक ठेवून घेतलेला तो ठसा असतो. पहिल्यांदा ती फाइल चालू-बंद करून ऐका, मी सांगायची गरज राहणार नाही.

यातली सगळ्यात मोठी सोय अशी की डिस्कवर गिटार कोरडीच रेकॉर्ड होते, इफेक्ट फक्त कानापर्यंत असतो. आज डिस्टॉर्शन, म्हणजे तो पीळ, जास्त वाटलं तर उद्या बदला, वाजवणं तेच राहतं. नवशिके डिस्टॉर्शन फार ठेवतात. तुम्हाला वाटतंय त्याच्या निम्म्यावर आणा आणि तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडं, एक उजवीकडं टाका. कॉपी करून नव्हे, खरंच दोनदा वाजवून. दोन्हींतला बारीक फरकच आवाज रुंद करतो.

आवाज एकाच कानात का येतो?

ट्रॅक स्टिरिओ बनवलाय आणि गिटार इनपुट १ मध्ये आहे, म्हणजे डावा. ट्रॅकचं इनपुट मोनो करा. वायर बदलू नका, हेडफोन बदलू नका.

सतत 'हूँऽऽ' असा आवाज येतो. काय करू?

इथं घाई करू नका, एकेक गोष्ट काढत जायची. आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. गुणगुण गेली तर ती गिटारमधून येते, राहिली तर वायर, डबा किंवा विजेकडून.

गिटारमधून येत असेल तर खुर्चीवर बसल्या बसल्या स्वतःभोवती हळूहळू फिरा. एका दिशेला ती जवळजवळ मरते. सिंगल कॉइल, म्हणजे वेढ्यांची एकच गुंडाळी असलेला पिकअप म्हणजे अँटेनाच, आसपासच्या ट्रान्सफॉर्मरमधलं ५० हर्ट्झचं क्षेत्र तो झेलतो. माझ्या खोलीत खिडकीकडं तोंड केलं की शांत आणि कपाटाकडं केलं की हूँ. कपाटामागच्या भिंतीत मीटरबोर्ड आहे, हे कळायला मला वर्ष लागलं. हे दुखणं इतकं जुनं आहे की गिब्सन ह्या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्यावर हंबकर काढला: दोन कॉइल उलट-सुलट जोडलेले, दोघांनी झेललेली गुणगुण एकमेकांना खाते, तारेचा आवाज राहतो. तुमच्या गिटारला हंबकर असेल तर तो निवडा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर बंद करा; ह्यांची गुणगुण जास्त चिरकी, करकरीत असते. उद्यमनगरच्या बाजूला राहणाऱ्या एका मित्राकडं दिवसा कुठंतरी वेल्डिंग सुरू झालं की गिटारमध्ये कळतं. तो रात्री जेवणानंतरच रेकॉर्ड करतो.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ते बरोबर आहे, काळजी नको.

विजेकडून येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेली? मग चार्जर आणि अर्थिंगचा मामला आहे. दोन पिनांच्या चार्जरवर तारांना हात लावला की कधी कधी झिणझिण्याही येतात. रेकॉर्डिंग बॅटरीवर करा, किंवा कॉम्प्युटर, अँप, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. आणि हे नीट ऐका: गुणगुण घालवायला तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कधीही कापू नका, तिला टेपही लावू नका. लोक हा उपाय हमखास सांगतात, आणि त्यानं गुणगुण जातेही. पण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. हातात तारांची गिटार आहे आणि त्या तारा त्या अर्थिंगलाच जोडलेल्या आहेत. पेठांतल्या जुन्या वाड्यांत बोर्डावर तीन भोकं दिसतात, पण मागं अर्थिंगची वायरच नसते. इलेक्ट्रिशियन बोलावून एकदा तपासून घ्या.

आणि वायर. तीन मीटरची बास झाली. प्रत्येक मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स वाढतो आणि त्या प्रमाणात चमक कमी होते. बारा मीटरची वायर गुंडाळून कोपऱ्यात ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

माझ्याकडं चांगला अँप आहे. माइक लावून रेकॉर्ड केलं तर?

तर उत्तमच. शुअर एसएम-५७ हा माइक १९६५ पासून ह्याच कामाला लोक लावतात. स्पीकरच्या जाळीपासून दोन बोटं, मधोमध ठेवला की चरचरीत, कडेला सरकवला की मऊ. अर्धा इंच सरकवून परत ऐका, नॉब फिरवण्यापेक्षा ह्यानं जास्त फरक पडतो. ह्याला ४८ व्होल्ट लागत नाहीत. फरशीची मोकळी खोली घुमते, तेव्हा अँपच्या मागं-बाजूला वाकळी टांगा.

अडचण घराबाहेरची आहे. गणपतीच्या दिवसांत आमच्या गल्लीत डॉल्बी लागते. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, इथं डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. त्या दहा दिवसांत माइक उघडायची सोय नाही. इंटरफेसमधून थेट जोडलेल्या गिटारला मात्र बाहेर काय चाललंय ते कळत नाही. खिडकीच्या काचा थरथरत असताना मी एक पूर्ण गाणं रेकॉर्ड केलंय. ट्रॅकवर काही नाही. मलाच ठेका सापडत नव्हता, ती गोष्ट वेगळी.

मधेच लाईट गेली तर?

लॅपटॉप आणि यूएसबीवर चालणारा डबा, दोन्ही बॅटरीवर चालू राहतात. उलट खोली शांत होते. डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्या आणि दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह होईल असं सेटिंग ठेवा. स्वस्त इन्व्हर्टरची वीज सरळ नसते, तिच्यावर अँप करकरतो. तेव्हा थांबा, चहा घ्या.

मोबाइलवर होत नाही का?

आयफोनवर बऱ्यापैकी होतं. अँड्रॉइडवर उशिराचं गणित फोनगणिक बदलतं. डब्याला वीज फोनच देतो, त्यामुळं काही फोन थोड्या वेळात हात टेकतात.

पावसाळ्यात काही वेगळी काळजी?

जून ते सप्टेंबर इथली हवा ओली फडक्यासारखी असते. जॅकच्या पिनांवर काळपट थर येतो आणि वायर हलवली की खरखर सुरू. पिन कोरड्या सुती कापडानं पुसा, सॉकेटमध्ये पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, बहुतेक वेळा एवढ्यानं जाते. नाही गेली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. खोबरेल तेल नको. हसू नका, एकानं घातलं होतं. नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्यांनी डबा आणि हार्ड डिस्क वरच्या फळीवर ठेवावी. २०१९ चा आणि २०२१ चा पूर कुणाला सांगायला नको.

असं घरी केलेलं कोल्हापुरात कोण मनावर घेणार?

प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये ह्याच गावात निघाली आणि १९३२ साली त्यांनी पहिला मराठी बोलपट इथंच बोलता केला. पुण्याला ते १९३३ मध्ये गेले. तेव्हा एका वाक्यासाठी सगळ्यांनी श्वास धरून उभं राहायचं, चुकलं की परत पहिल्यापासून. तुमच्याकडं तर 'अनडू' आहे.

आमचा ड्रमर पुण्याला असतो. त्याला ट्रॅक कसा पाठवू?

आधी दोघांनी टेम्पोचा आकडा ठरवा आणि क्लिकवरच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या टिकटिकीवरच वाजवा. एक्स्पोर्ट करताना गिटार मधूनच सुरू होत असली तरी फाइल पहिल्या मात्रेपासून काढा, मग त्याला फक्त शून्यावर ठेवायची. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. मिनिटाला ८.६ एमबी होते, म्हणजे चार मिनिटांचं गाणं साधारण ३५ एमबी. कोरडी फाइल एक आणि अँप लावलेली एक, अशा दोन पाठवा. त्याला ऐकायला अँपवालीच बरी वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. आणि नावात टेम्पो लिहा. माझ्या डिस्कवर 'फायनल', 'फायनल २' आणि 'खरंच फायनल' अशा तीन फाइल आहेत, तिन्ही वेगवेगळ्या टेम्पोच्या.